मुक्कामघराच्या गच्चीवरचा पिंपळ

माझा धंदा काय, हे मला आजवर एका वाक्यात सांगता आलेलं नाही. भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की हटकून विचारतं, "मॅडम, वो गार्डनवाला काम चल रहा है ना?" मी मान हलवते. पण ते माळीकाम नाही आणि नुसतं घर बांधणंही नाही. घराचा नकाशा कागदावर असतानाच, त्या घरातली माणसं काय खाणार आणि त्यातलं किती त्या घराच्या अंगाखांद्यावर पिकवता येईल, हे ठरवायचं, असं ते काम आहे. आर्किटेक्ट भिंती उभ्या करतो आणि ही त्या भिंतींना भाजी लावते, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. ते अगदीच खोटं नाही.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून साधंच सांगते. आमच्या भिलाईत उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही. त्याच उन्हावर कुंदरूचा वेल, म्हणजे आपली तोंडली, नुसता माजतो. भिंतीपासून हातभर अंतर सोडून तारांची जाळी उभी केली आणि तिच्यावर वेल चढवला, की भिंत सावलीत येते, मधल्या फटीतून हवा खेळते, आतली खोली निवते आणि भाजीही मिळते. न्हाणीचं पाणी नाल्यात वाया जातं. तेच खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळून केळीच्या आळ्यात सोडलं की केळीला घड लागतात. घराला जे नकोसं असतं ते झाडाला हवं असतं. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच आमचं काम. उभं आयुष्य यात गेलं, तरी रोजच्या आंघोळीच्या पाण्यावर पोसलेलं केळफूल उमलताना दिसलं की मी अजूनही हातातलं काम सोडून बघत उभी राहते.

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. एका निवृत्त साहेबांना समोर गालिच्यासारखं लॉन हवं होतं आणि भेंडी हवी होती ती पाहुण्यांना दिसणार नाही अशी. मी ती जास्वंदीच्या रांगेत लावून दिली. दोघी एकाच कुळातल्या, फुलांची ठेवण सारखी. पाहुण्यांना काही कळलं नाही; साहेबच ते गुपित प्रत्येकाला सांगत सुटले. भिलाईजवळच्या मरोद्याच्या एका डॉक्टरीणबाईंना ताजी भाजी हवी होती, पण शेणखताचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही, अशी अट होती. आम्ही त्याला 'काळी माती' म्हणत राहिलो आणि सगळं सुरळीत पार पडलं.

पण माझ्या कामाकडे बघायची माझी स्वतःची नजर बदलली ती दुर्गच्या एका मुक्कामघरामुळे. तेच आज सांगते.

कुसुमताई निवृत्त नर्स. माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, तसेच त्यांचेही यजमान आलेले. सगळी नोकरी वॉर्डात काढलेली, आवाज खणखणीत, हुकूम सोडायची सवय. दुर्गला एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत यजमानांनी घेऊन ठेवलेला प्लॉट होता. यजमान गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच दोन-तीन निवृत्त मैत्रिणींनी ठरवलं की तिथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राहायची जागा बांधायची. बालोद, कवर्धा, राजनांदगावकडच्या खेड्यांतून माणसं आजारी माणूस घेऊन येतात. आजाऱ्याला खाट मिळते. सोबतच्यांनी कुठे जायचं? ती गाड्या लावायच्या जागेत झोपतात आणि तीन विटांवर भात शिजवतात. कुसुमताईंनी हे वॉर्डाच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

मी पहिला आराखडा घेऊन गेले तेव्हा त्यात पुढे हिरवळ होती, बोगनवेल होती, दोन बाकं होती. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"शालू, हे लॉनगिन मले नाही पाह्यजे. इथं येणारा माणूस दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राह्यते. त्याच्या हाताले काही काम नाही, पोटात काही नाही. बसून बसून माणूस येडा होते. त्याच्यासाठी काही कर."

मी दुसरा आराखडा केला. स्वयंपाकघर मधोमध ठेवलं, कारण प्रत्येक जण आपापला भात शिजवणार होता. न्हाणीघरं एका रांगेत आणि त्यांच्या उताराला केळी आणि कोचई, म्हणजे अळू. पश्चिमेच्या दोन खोल्यांना कुंदरूची जाळी, आणि खिडक्या इतक्या खाली की आडव्या पडलेल्या माणसालाही वेल दिसावा. गच्चीवर वाफे. गच्चीवरच्या मातीची लोकांना भीती वाटते, आणि ती रास्त आहे. ओली माती फार जड. म्हणून वाफे नेहमी खालच्या भिंतींच्या आणि तुळयांच्या डोक्यावर घ्यायचे, खोलीच्या मध्यावर कधीच नाही. मातीही निव्वळ माती नाही. आमच्याकडे राइस मिलचा जळका तूस भरपूर मिळतो, तो आणि कुजलेलं खत मिसळलं की भार निम्म्यावर येतो. खाली पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर मुळं अडवणारा जाड कागद, त्यावर खडी, मग वाफा. माझ्याबरोबर गवंडी होता हेमलाल. मरोद्याचाच. मितभाषी, पण हात स्वच्छ.

घर उभं राहिलं, माणसं येऊ लागली, आणि मग मला जी भीती होती तीच समोर आली. माळी ठेवायची ऐपत कुणाची नव्हती. कुसुमताईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. मला वाटलं, दोन महिन्यांत वाफे वाळून जाणार.

तसं झालं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात कुणा एका बाईने न सांगता बादलीभर पाणी वर नेलं. दुसऱ्या दिवशी दुसरीने नेलं. मुलाला अतिदक्षता विभागात ठेवलेला एक बाप दिवसाकाठी दोनदाच काचेतून त्याला बघू शकत असे. मधला सगळा वेळ तो गच्चीवर वाफे खुरपत बसे. कुणी गावी जाऊन येताना पदराच्या गाठीत लाल भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी आणलं, कुणी चेच या पालेभाजीचं, कुणी अमारीचं, म्हणजे अंबाडीचं. लाल भाजी तोडायला यायला तीन-चार आठवडे लागतात आणि इतके दिवस तिथे फार थोडी माणसं राहत. म्हणजे पेरणारा बहुतेक वेळा खायला थांबतच नव्हता. तो पेरून जायचा, आणि एखाद्या सकाळी कोंडागावहून आलेली, कुणाला न ओळखणारी माणसं ती भाजी खुडून कढईत टाकायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, माझ्या आराखड्यात तर नव्हतंच. मी महिन्यातून एकदा जायचे आणि दर वेळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायचे. वर इतकं हिरवं असायचं की एकदम पाय टाकायला संकोच वाटायचा.

तिसऱ्या पावसाळ्यात कुसुमताईंचा फोन आला. बायकांच्या मोठ्या खोलीचं छत गळत होतं.

मी आणि हेमलाल गेलो. खोलीत ठिकठिकाणी बादल्या ठेवलेल्या, गाद्या व्हरांड्यात आणलेल्या. व्हरांड्यात दाटीवाटीने मावत होत्या तेवढ्या बायका ठेवून बाकीच्यांना कुसुमताईंना परत पाठवावं लागत होतं, म्हणजे पुन्हा इस्पितळाच्या पायरीवर. गच्चीवर शोधता शोधता हेमलाल वालाच्या मांडवामागे गेला आणि तिथूनच त्याने मला बोलावलं.

कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यात पिंपळ उगवला होता. माझ्या कमरेच्या वर आलेला, टवटवीत. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, फटीत रुजतं. इमारतीचं काम करणाऱ्याला पिंपळासारखी दुसरी धास्ती नाही. वाफ्यातली मुळं कागद ओलांडत नाहीत, पण हा कागदाच्या बाहेर, कठड्याच्या फटीत जन्मला होता आणि पाणी अडवणाऱ्या थराखाली शिरला होता. त्याच्या बुंध्याला लाल दोरा बांधलेला होता, शेजारी तांब्या होता, थोडं कुंकू होतं.

मी खाली येऊन सांगितलं की झाड काढावं लागेल. मग एका म्हाताऱ्या बाईने अगदी हळू आवाजात विनंती केली की आपली माणसं आत आहेत तोवर कुणी पिंपळाला हात लावू नये. बाकीच्यांपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं कुसुमताई आता त्यांच्या वॉर्डातल्या आवाजात सगळ्यांना गप्प करतील. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"माया स्वतःचा काही विश्वास नाही असल्या गोष्टीवर," त्या म्हणाल्या. "पण ज्याहिचा माणूस आत हाये त्याहिले मी कोन्त्या तोंडानं शास्तर सांगू? उद्या त्यातला एखादा गेला, तर ती बाई जन्मभर काय समजन?"

झाड ठेवलं तर एक-दोन पावसाळ्यांत छप्पर जाणार. काढलं तर रोज कुणाचं ना कुणाचं माणूस मरणाच्या दारात असलेल्या त्या घरात प्रत्येक मरणाचं खापर त्या रिकाम्या कोपऱ्यावर फुटणार. शेवटी मी विचारलं की झाडाला पाणी कोण घालतं.

ती होती सुखबती. बालोदकडच्या एका खेड्यातली, पस्तिशीच्या आतबाहेरची. तिचा नवरा धनीराम चिखलणी करताना ट्रॅक्टरमागच्या यंत्रात सापडला होता. पायात जंतू पसरले होते. दोरा तिनेच बांधला होता असं नाही, तिच्या आधीच्या कुणीतरी बांधलेला होता. पण आल्या दिवसापासून सकाळी पाणी तीच घालत होती. मी तिला गच्चीवर घेऊन गेले. खालच्या गादीवरच्या ओलीचं कारण दाखवलं. सांगितलं की हे झाड मी कापणार नाही. थर उकलून, मुळासकट उचलून, मोकळ्या जमिनीत नेता येईल.

तिने पिंपळाच्या पानाला हात लावून विचारलं, "बाँचही का?" वाचेल का.

मला हो म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलवेना. मी म्हटलं, "पावसाचे दिवस आहेत, पिंपळ चिवट असतो. आम्ही जपून काढू. पण वाचेलच असं वचन नाही देता येत." हे मी हिंदीत बोलले. तिने सांगितलं की सकाळी डॉक्टर नेमकं हेच बोलले. धनीरामचा पाय मांडीपासून काढला नाही तर माणूस हाती लागणार नाही. तिने हाच प्रश्न विचारला होता आणि डॉक्टरांनीही वचन दिलं नव्हतं.

ती खाली गेली. थोड्या वेळाने कुसुमताईंमार्फत तिचा निरोप आला: उद्या त्याला ऑपरेशनला नेतील तेव्हाच हे काम करा. ऑपरेशनच्या दाराबाहेर माझा दीर बसेल. मला तिथे बसवणार नाही. मी झाडापाशी राहीन.

मी आयुष्यात बरीच जोखमीची कामं केली आहेत, पण त्या सकाळची जोखीम वेगळी होती. आत तो माणूस वाचला नाही, तर या बाईच्या लेखी मी कोण ठरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. हेमलालला मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याला सगळं कळलं असावं. त्याने मोठा हातोडा खालीच ठेवला होता आणि छोटी छिन्नी आणली होती.

आधी कोपऱ्यातले वाफे रिकामे करायचे होते. मी दोन मजूर सांगितले होते, पण त्यांची गरज पडली नाही. व्हरांड्यातल्या बायका एकेक करून वर आल्या. विनंती करणारी म्हातारी सगळ्यांत पुढे होती. त्यांनी रांग धरली आणि माती घमेल्यांतून हातोहात पलीकडे गेली. वर आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबून राहिला होता.

मग हेमलाल विटांचा थर उकलू लागला. हलकेच ठोकायचं, तुकडा उचलायचा, फुंकर मारायची. मूळ दिसू लागलं आणि आम्ही सगळे वाकलो. मी पुस्तकांत वाचलं होतं, पडक्या भिंतींवर पाहिलं होतं; पण जिवंत मूळ असं पायरी-पायरीने उघडं होताना कधी पाहिलं नव्हतं. जिथे फट चपटी होती तिथे ते फितीसारखं चपटं झालं होतं. जिथे जरा जागा मिळाली तिथे गोल झालं होतं. विटेला वळसा घालून पुन्हा सरळ झालं होतं. कठड्याच्या कडेने ते गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं, कोपऱ्यावर वळलं होतं आणि पावसाचं पाणी जिथून खाली उतरतं त्या पाइपाच्या तोंडाशी पोचलं होतं. तिथे त्याच्या केसांसारख्या बारीक मुळ्यांची वेणी झाली होती, जाड, पिंगट, पाण्याने गच्च. मोहरीहून लहान बी. त्याला कुणी नकाशा दिला नव्हता. अंधारात, सिमेंटखाली, त्याला पाणी कुठे आहे ते ठाऊक होतं. मी उभं आयुष्य घराच्या पाण्याची आणि झाडाची गाठ घालून देत आले, आणि इथे एका झाडाने स्वतःच ती गाठ घालून घेतली होती. मी गुडघ्यांवर बसले होते ती तशीच बसून राहिले.

शेवटची वेणी पाइपातून सोडवताना मूळ तुटलं. लहानसाच आवाज झाला. हेमलालचे हात थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी सुखबतीकडे पाहिलं. ती पुढे आली, तुटलेलं टोक तिने मुठीत धरलं, दुसऱ्या हाताने वाफ्यातली ओली माती घेऊन त्यावर लिंपली आणि आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. मग ती बाजूला झाली. आम्ही पिंपळ ओल्या पोत्यात गुंडाळला. चौघींनी उचलून तो जिन्यावरून खाली आणला. सुखबतीला तो आपल्या गावी न्यायचा होता.

दिराचा फोन यायला दुपार झाली. फोन कुसुमताईंनी घेतला. ऐकून घेतलं, डॉक्टरांचे दोन-तीन शब्द पुन्हा विचारून घेतले, मग त्या सुखबतीजवळ गेल्या, खाली वाकल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी वाकल्या, आणि तिला सांगितलं की पाय गेला, माणूस आहे. सुखबती पोत्याशेजारी फरशीवर बसली. तिने डोकं भिंतीला टेकलं. बाकीच्या बायका उठून आपापल्या चुलीकडे गेल्या. त्या वेळी तिला एकटं सोडायचं असतं, हे त्यांना न सांगता कळलं.

छत आम्ही दुरुस्त केलं. मुळं अडवणारा कागद आता कठड्यावरही चढवला. आणि कुसुमताईंनी जिन्याच्या तोंडाशी तेलाचे रिकामे डबे ठेवले. पिंपळाचं दोन पानांचं रोप दिसलं की ज्याला दिसेल त्याने ते डब्यात काढून ठेवायचं. माणूस बरा होऊन घरी निघाला की पुष्कळ जण असा एक डबा गावी घेऊन जातात.

एवढ्यावर संपलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण इस्पितळातून सुटल्यावर धनीराम मलमपट्टीसाठी काही दिवस मुक्कामघरात राहिला, तेव्हा मी त्याला पाहिलं. पश्चिमेच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. मागे त्याच्यासाठीच जणू खाली ठेवलेली खिडकी, खिडकीत कुंदरू, त्यावर लाल झालेली फळं आणि बुलबुलांचा गोंधळ. त्याने एकदाही मान वळवली नाही. जेवण तसंच परत जायचं. वेलाने भिंत निवते. माणूस निवेल असं आपण धरून चालतो, ते आपलं मन. दाराशी पोत्यातल्या पिंपळाचीही सगळी पानं गळून गेली होती. दोघांना एकाच पिकअपमध्ये चढवून सुखबती गावी गेली, तेव्हा मला दोघांचीही आशा नव्हती.

पुढे मुक्कामघराच्या नंबरावर तिचा फोन आला. तिने कुसुमताईंना विचारलं होतं की त्या मॅडम आमचं घर बघतील का.

वयामुळे मी एव्हाना काम जवळजवळ बंद केलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, अब गांव-गांव मत घूमो." तरी मी हेमलालला घेऊन गेले. मातीच्या भिंतींचं कौलारू घर, मागे उतरती बाडी. छत्तीसगडात घरामागच्या भाजीच्या जागेला बाडी म्हणतात. तिच्यावाचून घर पुरं होत नाही. पण ओसरीत खाटेवर पडलेल्या धनीरामला अपघातापासून ती दिसलीच नव्हती. मध्ये उंच उंबरठा होता, मग दोन दगडी पायऱ्या, मग चिखल. शेत अर्धेलीने कसायला दिलेलं. धनीरामला प्यायला पाणी हवं असलं तरी हाक मारावी लागत होती, आणि हाक मारायची नाही म्हणून तो पाणीच पीत नव्हता.

मी सुखबतीला विचारलं, नेमकं काय हवं आहे. तिने फार विचार न करता सांगितलं, "ओला काकरो मेर मांगे ला झन परय." त्याला कुणाकडे काही मागावं लागू नये. इतकी स्वच्छ मागणी मोठमोठ्या बंगल्यांच्या मालकांनीही माझ्याकडे कधी केली नव्हती.

काम साधंच होतं. उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा उतार दिला. तिथून बाडीपर्यंत ठोकून घट्ट केलेली वाट, एका बाजूला बांबूचा कठडा. पुढच्या वाफ्यांना मातीच्या भिंती घालून ते खाटेच्या उंचीपर्यंत उचलले, म्हणजे काठावर बसून काम करता येईल. रुंदी तेवढीच, जेवढा बसल्या माणसाचा हात पोचतो. न्हाणीच्या दगडाचं पाणी केळी आणि कोचईकडे वळवलं. वाटेवर कुंदरूचा मांडव. हे सगळं त्याच्या पाठीमागे चाललं होतं आणि तो भिंतीकडे बघत पडला होता. मला राग यायचा, मग रागाची लाज वाटायची.

वाफ्याची भिंत उभी राहिली तेव्हा हेमलाल हात धुऊन ओसरीत गेला. मी मागेच होते. त्याने नेहमीच्या आवाजात, जसा तो मला विटांचं विचारतो तसा, धनीरामला विचारलं, "भैया, ऊंचाई ठीक है कि नहीं, बैठ के बता दो. फिर मैं मिट्टी पक्की करूं. मेरे बैठने से पता नहीं चलेगा."

धनीरामने मान वळवली आणि कुबडी मागितली. सुखबती उठणार होती, हेमलालने तिला डोळ्यांनी थांबवलं आणि कुबडी नुसती खाटेला टेकवून ठेवली. तो उतारावरून आला, घाम पुसत आला, बांबू घट्ट धरून आला. वाफ्याच्या काठावर बसला. मातीवर हात फिरवला. "थोकिन खाल्हे," तो म्हणाला. जरा खाली. हेमलालने मातीचा एक थर उतरवला. तो पुन्हा बसला, आणि त्या दिवशी तिथून उठला नाही. संध्याकाळी सुखबतीने त्याचं ताट बाडीतच नेलं.

हिवाळ्यात मी आणि कुसुमताई तिकडे गेलो. जेवायला भात, लाल भाजी आणि कोचईच्या पानांचं इडहर होतं. आपल्या अळूवडीचीच बहीण, पण ताकाच्या कढीत शिजवलेली. कुसुमताईंनी दोनदा मागून घेतलं. मी पिंपळाची चौकशी केली. तो तळ्याकाठी लावला होता. बकऱ्यांनी दोनदा शेंडा खाल्ला आणि दोनदा तो फुटला, असं सुखबतीने सांगितलं, जसं कुणी खोडकर मुलाबद्दल सांगावं.

आम्ही निघायच्या तयारीत असताना धनीरामने कुबडी घेतली. त्याच्या तोंडून मी तोवर तुटक शब्दच ऐकले होते.

"मॅडम, एक ठन घर अउ हे," तो म्हणाला. आणखी एक घर आहे.

शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एका म्हाताऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. सून एकटी, तिला त्याला उचलून बाहेर आणावं लागायचं, म्हणून आता आणतच नव्हती. धनीराम आमच्या पुढे चालला. वाटेत दोघांनी त्याला हटकलं, त्याने थांबून उत्तरं दिली. कुसुमताईंचे गुडघे आणि त्याची कुबडी यांची चाल बरोबर जुळत होती.

त्या घराच्या दाराशी पोचल्यावर मी सवयीने पिशवीतून टेप काढू लागले. तोवर धनीरामने कुबडी उभी करून उंबरठ्याला लावली होती. उंबरठ्याची वरची कड जिथे आली तिथे त्याने कुबडीवर अंगठा दाबून धरला आणि वळून तो अंगठा मला दाखवला. मग तो त्या उंबरठ्यावरच बसला, आतल्या अंधाराकडे तोंड करून, आणि आत खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याशी बोलू लागला.